आई दुरुस्तीला गेली

लहान मुलांना शिकवायचं कसं, हे मला विचारावं. चौथीच्या वर्गावर आयुष्य काढलेला माणूस आहे मी. साहेब तपासणीला आले की जी पोरं स्वतःचं नाव विसरायची, त्यांच्याकडून मी एकोणीसचा पाढा म्हणवून घेतलाय. त्यामुळं घरच्या पोराला शिकवायची वेळ आली तेव्हा मला जराही घाम फुटला नाही. घाम फुटला तो नंतर, आणि तो सगळ्या गल्लीनं पाहिला.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. माझी बायको अस्मिता फौजदाराची परीक्षा पास झाली. आमच्या गल्लीतली पहिली फौजदार. गल्लीनं सत्कार केला, भाषणं झाली, जयभीमच्या घोषणा झाल्या, एवढा मोठा हार घातला की आतली अस्मिता दिसेना. आणि तो हार गळ्यात असतानाच ती मागच्या खोलीत जाऊन धवलला मांडीवर घेऊन बसली. धवल तेव्हा नुकता रांगायला लागला होता. तो हारातली फुलं ओरबाडून खात होता आणि अस्मिता ती त्याच्या तोंडातून एकेक काढत होती.

"वर्षभर नाशिकला," ती म्हणाली. "परत येईन तेव्हा मला ओळखंल का हो हे?"

"ओळखेल म्हणजे काय? दारात बघितल्याबरोबर आई म्हणून हाक मारेल. ती जबाबदारी माझी."

ती हसली. पण तिनं त्याच्या तोंडातलं शेवटचं फूल काढलं आणि हात तसाच त्याच्या गालावर ठेवून बसून राहिली. ते मला अजून दिसतं.

तर मी तयारीला लागलो. शाळेच्या एका शिबिरात पुण्याहून आलेल्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं की मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत त्याच्या डोक्यात जे घालाल ते घालाल. नंतर दार बंद. धवलचं दार मी सताड उघडं धरायचं ठरवलं. कार्डशीटवर काळी-पांढरी चित्रं काढली. गाय, घर, सूर्य. त्यानं गायीचा मागचा पाय खाल्ला. मग स्पर्शाची ओळख व्हावी म्हणून एका फळीवर काचकागद, मखमल, गोणपाट आणि कापूस चिकटवला. त्यानं कापूस नाकात घातला. मग आवाजाची ओळख. रिकाम्या डब्यांत हरभरे, तांदूळ आणि शेंगदाणे भरून मी वेगवेगळे खुळखुळे केले. ते माझ्या आईनं, म्हणजे शेवंताबाईंनी, संध्याकाळी परत ओतून घेतले.

"ह्यो खुळखुळा न्हाय," ती म्हणाली. "ह्ये रातचं कालवण हाय."

पण ही सगळी किरकोळ कामं. मुख्य धडा होता आईचा. अस्मिताचा फोटो मी मोठा करून आणला आणि पाळण्यासमोर धवलच्या नजरेच्या उंचीवर टांगला. शाळेत जाताना, शाळेतून आल्यावर, दूध पाजताना मी बोट दाखवून म्हणायचो, "ही आई. कोण ही? आई." धवल मोठ्या लक्षानं माझ्या बोटाकडं बघायचा. महिनाभरात माझ्या बोटाची त्याला इतकी माहिती झाली की बोटावर खडूची भुकटी राहिली असली तर तो पुसायचा. फोटोकडं मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फोटो बोलत नाही. बोलतो तो टेलिफोन.

आमच्याकडं काळा, जुना, चकती फिरवायचा फोन होता. दर रविवारी सकाळी अस्मिता नाशिकच्या बूथवरून फोन करायची. मी रविवारी पहाटेपासूनच त्या फोनच्या आसपास काहीतरी काम काढून बसायचो. घंटा वाजली की धवलला मांडीवर घ्यायचो, रिसीव्हर त्याच्या कानाला लावायचो आणि दुसऱ्या हातानं फोनवर थोपटून म्हणायचो, "आई. आई बोलतेय." आतून अस्मिता बोलायची, गाणं म्हणायची, बाळा-सोन्या करायची. धवल एकदम स्तब्ध व्हायचा. त्याचे डोळे मोठे व्हायचे. असे बरेच रविवार गेले, आणि एका रविवारी घंटा वाजायच्या आधीच तो टेबलाला धरून उभा राहिला, फोनवर हात आपटला आणि स्पष्ट म्हणाला, "आई."

अस्मिताला हे सांगितलं तेव्हा पलीकडं काही ऐकूच येईना. नुसती बूथबाहेरच्या कुणाची तरी हाक, "ओ ताई, आटपा की लवकर." मग तिचा बसका आवाज आला, "परत म्हणायला लावा ना."

धवल परत म्हणाला. तिनं परत मागितलं. तो परत म्हणाला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ छाती पुढं काढून घरात फिरत होतो.

आई म्हणाली, "प्रसेन, आरं त्याला त्ये डबडंच आई वाटतंय."

"तुला नाही कळायचं. आवाजातून आईची प्रतिमा मनात तयार होते."

"प्रतिमेला बिस्कुट भरवतंय की त्ये."

भरवत होता, हे खरं. रिसीव्हरच्या भोकांत बिस्किटाचा चुरा होता. रोज उठल्यावर तो फोनपाशी जायचा, गाल टेकवायचा, "आई" म्हणायचा. पण मला त्यात आईची ओढ दिसत होती. कधीकधी आई भाजीला गेली आणि घरात कुणी नसलं, की मीही नुसताच रिसीव्हर उचलून कानाला लावत असे. आतून एकसारखा टूं आवाज यायचा. तेवढाही बरा वाटायचा. असो.

बिस्किटाच्या चुऱ्यानं व्हायचं ते झालं. फोन आतून खरखरायला लागला. मी तो दोनदा थापटला, एकदा आपटून पाहिला. तो पार मुका झाला. तक्रार केली. आणि मी शाळेत असताना दुपारी आकाराम नावाचा टेलिफोनवाला आला. त्यानं जुना फोन काढला, जागी नवा पांढरा बटणांचा फोन ठेवला, "लाइन उद्या चालू हुईल" असं माझ्या आईला सांगितलं आणि काळा फोन काखेत मारून चालू लागला.

आता धवलच्या बाजूनं बघा. एक अनोळखी माणूस घरात शिरतो, आईला भिंतीपासून तोडतो आणि काखेत घालून नेतो. धवल त्याच्यामागं रांगत, धडपडत गल्लीत आला. "आई, आई" म्हणून त्यानं असा हंबरडा फोडला की आकाराम घाबरून जास्तच जोरात चालायला लागला.

नेमक्या तेव्हा झुंबरबाई नळावर होत्या. त्या नुकत्याच कबनूरहून आमच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. सगळी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्या ओरडून बोलतात आणि निम्मंच ऐकतात. आकाराम त्यांच्या पाठीमागून निघून गेला होता. त्यांना दिसलं ते फक्त धुळीत बसून आईला हाका मारणारं पोर, आणि त्याला उचलायला आलेली माझी आई. त्यानंतर काय बोलणं झालं ते मला मागाहून दोघींनीही शब्दाला शब्द सांगितलं.

"बाळ का वो रडाय लागलंय?"

"आई गेली की त्याची."

झुंबरबाईंच्या हातातली कळशी तिरकी झाली. "कवा?"

"ह्ये काय, आत्ताच नेली."

"आगं बया. झालंतं काय?"

"आठ दिस नुस्ती खरखर हुती आत. आवाजच फुटंना. काल तर पार गपच झाली."

"मग गुर्जींनी काय केलं न्हाय?"

"केलं की. दोनदा थापाटलं, एकदा आपटली. काय उपेग न्हाय."

झुंबरबाईंनी कळशी खाली ठेवली. "आन् आता ह्या लेकराचं वो?"

"त्याचं काय. दुसरी आनून बसीवली की लगी. पांढरीफेक हाय, नवी कोरी. अजून बोलत न्हाय, उद्यापासनं बोलंल म्हनं. पर ह्ये तिच्याकडं बघायलाबी तयार न्हाय."

एवढं बोलून माझी आई धवलला घेऊन आत गेली, आणि झुंबरबाई कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथकडं धावल्या. तिथून त्यांनी बूथवाल्याला नंबर विचारून हातकणंगल्याला माझ्या सासऱ्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. त्यांचा आवाज असा, की वायर नसती तरी हातकणंगल्यात ऐकू गेला असता. मधल्या सगळ्या गल्लीला तर गेलाच.

दुपारभर माणसं येऊन आमच्या पायरीशी बसली. आईला वाटलं, नवीन फोन बघायला आलेत. ती प्रत्येकाला म्हणाली, "बाहीर का बसलाय? आत या की, बघा तरी कशी दिसती." लोक एकमेकांकडं बघून मान खाली घालत होते. कुणी आत गेलं नाही.

शाळा सुटल्यावर मी सायकल मारत गल्लीत शिरलो, तर दारात चपलांचा हा ढीग. पायरीवर बसलेले शेजारचे कृष्णात मेस्त्री उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

"गुर्जी, धीर धरा."

"काय झालं?"

"आई गेली."

माझ्या हातातून सायकल पडली. मी चपला ओलांडत, धडपडत आत घुसलो. माझी आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"तू गेली नाहीस?" मी म्हणालो.

"कुटं जायाचं हुतं?"

मी बाहेर आलो. "अहो, आई तर भाकरी करतेय."

"तुमची न्हवं," मेस्त्री खाली बघत म्हणाले. "धवलची."

ह्या ठिकाणी खरं तर मी काहीतरी गमतीचं सांगायला पाहिजे. पण मला तेव्हाचं काही आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की समोरच्या तारेवर कुणाचा तरी शाळेचा सदरा वाळत होता आणि मी त्याच्या गुंड्या मोजत उभा होतो. अस्मिता गेली. कशी, कुठं, काही विचारावं हे सुचलं नाही. मग एकदम वाटलं, रविवारी फोन येईल तेव्हा तिलाच विचारू. आणि मग कळलं, की फोन येणार नाही.

मी आत धावलो. पांढरा फोन उचलला. टूं सुद्धा नाही. तसाच अनवाणी बूथवर गेलो. नाशिकच्या ट्रेनिंगच्या ऑफिसचा नंबर खूप वेळानं लागला.

"अस्मिता कांबळे," मी म्हणालो.

"कांबळे मॅडम? त्या दोरावर चढताहेत," पलीकडचा कारकून म्हणाला.

"काय?"

"दोरावर. मला खिडकीतून दिसतंय की. अर्ध्यावर गेल्यात. आपण कोण? निरोप काय आहे?"

मी बूथमध्ये खालीच बसलो. माझं रडं आणि हसू एकदमच बाहेर पडलं. "मी त्यांचा नवरा. निरोप काही नाही," मी म्हणालो. "इथं सगळे म्हणत होते आई गेली. पण ती चढतेय ना? मग झालं. चढू दे तिला." आणि फोन ठेवला. लाइन खराब होती हे मला माहीत होतं. तिकडं नेमकं किती ऐकू गेलं, याचा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

परत येतो तर दारात ट्रॅक्स जीप उभी. हातकणंगल्याची मंडळी उतरत होती. पुढच्या सीटवरची माणसं पांढऱ्या कपड्यांत होती, मागच्या सीटवरच्यांच्या हातात काठ्या होत्या. म्हणजे निम्मे दुःखाला आले होते आणि निम्मे मला. सासरे, जयसिंगराव, मधोमध बसले होते. पांढरे कपडे, आणि काठीही.

"पावणं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "ती दुसरी कुटं हाय ती आदी दावा."

"दुसरी कोण?"

"जिला बसीवलीया ती."

"आवो, हीच की," माझी आई आतून आली आणि तिनं पांढरा फोन उचलून त्यांच्या पुढ्यात धरला. धवल तिच्या कडेवर होता. त्यानं नव्या फोनकडं पाहून तोंड फिरवलं आणि पुन्हा रडायला सुरुवात केली. "बघा, आज्जा. आईला दुरुस्तीला नेली म्हनून दुपारधरनं रडतंय. काळी हुती त्याची आई. तिच्यातनंच बोलायची नव्हं अस्मिता."

जयसिंगरावांनी काठी खाली टेकून विचारलं, "खरखर कुनाला लागलीती?"

"काळीला."

"आन् ह्यांनी आपटली ती?"

"तीच."

मागच्या सीटवरच्या कुणीतरी फुस्स केलं. मग दुसऱ्यानं. मग सगळी गल्ली हसायला लागली. झुंबरबाईंना काय झालं ते ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून त्याही हसल्या. आईनं मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं. हसले नाहीत ते फक्त जयसिंगराव. ते पायरीवर बसले आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिले.

मी शेजारी बसलो तेव्हा ते हळू म्हणाले, "पोरीला पोलिसात जायाला मी हो म्हनलो हुतो. जीपमध्ये बसल्यापास्नं मी सवताला शिव्या घालत आलो, पावणं." मग त्यांनी धवलला मांडीवर घेतलं. "हिकडचं काय तिला कळवू नगासा. उगंच येडी हुईल तिकडं."

कळवायची गरजच नव्हती. नाशिकच्या त्या कारकुनाला खरखरीतून एवढंच ऐकू गेलं होतं की नवऱ्याचा फोन आहे आणि 'आई गेली'. त्यानं भल्या मनानं अस्मिताला दोरावरून उतरवलं, साहेबांना सांगून रजा मिळवून दिली, आणि ती मैदानावरून तशीच, खाकी कपड्यांत एसटीत बसली.

सकाळी माझी आई अंगणात झाडत होती. फाटक वाजलं. बघतो तर अस्मिता. कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले, वेणी सुटलेली. तिनं आईला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मग पळत येऊन झाडूसकट तिला मिठी मारली.

"आई, तुम्ही हायसा?"

"मला काय धाड भरलीया?" आई म्हणाली. "काल ह्यो प्रसेनबी त्येच इचारत हुता."

अस्मिताला सगळं सांगितलं. ती हसली, मला दोन शब्द बोलली, परत हसली. पण तिचं लक्ष दाराकडं होतं. दारात धवल उभा होता, चौकट धरून. तो आता उभा राहतो हे ती फोनवर ऐकून होती. बघत पहिल्यांदाच होती.

ती गुडघ्यांवर बसली. "बाळा. ये की."

धवल दचकला. आवाज ओळखीचा होता. तो वळला आणि आत टेबलावरच्या पांढऱ्या फोनकडं बघायला लागला. फोन गप्प होता. अस्मिता परत म्हणाली, "बाळा, इकडं." त्यानं परत फोनकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मग चौकट सोडून तो धडपडत तिच्यापर्यंत आला आणि आवाज कुठून येतो हे बघायला त्यानं तिच्या तोंडात बोट घातलं.

"म्हण," मी मागून कुजबुजलो. "आई. म्हण, आई."

तो म्हणाला नाही. अस्मिता त्याचं बोट ओठांत तसंच धरून माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. बोट सोडून ती म्हणाली, "असू द्या. आता तुम्ही काय शिकवू नका."

दोन दिवसांची रजा होती. त्या दोन दिवसांत धवलनं तिच्या शर्टाचं बटण सोडलं नाही. अंघोळ करून ती साडी नेसून आली तर तो तिला ओळखेना, रडायला लागला. शेवटी साडीवर खाकी शर्ट घालून तिनं त्याला दूधभात भरवला, आणि तसंच घेऊन झोपवलं. तो झोपेत बटण मुठीत धरून होता. ती रात्रभर त्या कुशीवरून हलली नाही. 'आई' मात्र तो एकदाही म्हणाला नाही. ती प्रत्येक वेळी वाट बघायची, आणि मग मी बघतोय हे पाहून दुसरीकडं बघायची.

परतीच्या दिवशी आम्ही तिघं मध्यवर्ती स्टँडवर गेलो. नाशिकची गाडी लागली. धवलला माझ्याकडं देताना तिनं त्याची मूठ एकेक बोट करून उघडली. गाडी हलली. ती खिडकीतून वाकून हात करत होती. धवल नुसता बघत होता. गाडी फाटकातून वळली, दिसेनाशी झाली, तरी मी हात हलवतच होतो.

आणि तेव्हा माझ्या कानाशी धवल म्हणाला, "आई."

स्वच्छ. जिवणी रुंद करून. मला वाटलं, गाडीमागं धावावं. मी वळून बघितलं. धवल दोन्ही हात पुढं करून माझ्या खांद्यावरून झेपावत होता, चहाच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या एका कंडक्टरकडं. खाकी कपडे, पिळदार मिशा, हातात अर्धा कप.

"आई," धवल परत म्हणाला.

कंडक्टरनं मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. "कोन, मी?"

"माफ करा," मी म्हणालो. "ह्याची आई पोलीस ट्रेनिंगला असते. खाकी बघितली की..."

त्यानं चहा ठेवला, मिशा पुसल्या आणि हात पुढं केले. "ये गा बाळा," तो म्हणाला. "माझं ल्हानगं हुपरीला असतंय. मी घरी जातो तवा झोपल्यालं असतंय."

धवलनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि वरचं बटण मुठीत घेतलं. वस्तू आणि तिचं नाव यांची सांगड बरोबर घालून देणं हे शिक्षकाचं पहिलं काम. 'हा कंडक्टर' असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. त्या दोघांच्या शेजारी उभं राहून त्याचा थंड झालेला चहा धरून ठेवला. फार वेळ नाही. आईला गारगोटीची गाडी घेऊन जायचं होतं.